रशियन नावांच्या शेवटी 'ओव्ह', 'इन', 'स्की' का येतं?

२०२२ पासून रोज बातम्यांत दोन नावं कानावर पडतायत, रशियाचे व्लादिमीर पुतिन आणि युक्रेनचे वोलोदिमिर झेलेन्स्की. दोघांचं पहिलं नाव खरं तर एकच आहे, एक रशियन रूप आणि एक युक्रेनियन. त्यात पुतिन यांचं पूर्ण नाव वाचलं की गोंधळ अजून वाढतो, व्लादिमीर व्लादिमीरोविच पुतिन. बऱ्याच जणांना वाटतं टायपिंगमध्ये एकच शब्द दोनदा पडला. तसं नाहीये, त्यांच्या वडिलांचं नावही व्लादिमीरच होतं. आणि ज्याने रशियन कादंबरीचं भाषांतर वाचायला घेतलंय त्याला तर विचारूच नका, सुरुवातीला अलेक्सांद्र येतो, मग साशा, मग शूरा, आणि बरीच पानं गेल्यावर कळतं की हा सगळा एकच माणूस. कित्येक लोक तिथेच पुस्तक ठेवून देतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण ही नावं एकदा उलगडली की त्यात रशियाचा हजारेक वर्षांचा इतिहास दिसतो, कोणाला मान होता, कोणाला नव्हता, आणि कोणाला आडनाव असावं याची गरजच वाटली नव्हती.

आधी तीन तुकडे बघू

रशियन नावात तीन भाग असतात, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव. म्हणजे महाराष्ट्रात जी पद्धत आहे तीच, म्हणून आपल्याला हे समजायला युरोपातल्या लोकांपेक्षा सोपं जायला हवं. फरक एवढाच की वडिलांचं नाव जसंच्या तसं लावत नाहीत, त्याला प्रत्यय लागतो. वडील प्योत्र असतील तर मुलगा पेत्रोविच आणि मुलगी पेत्रोव्ना. वडील इल्या असतील तर मुलगा इल्यिच, लेनिनला सगळे 'इल्यिच' म्हणायचे ते त्यामुळेच, त्याचे वडील इल्या निकोलायेविच उल्यानोव्ह. या मधल्या नावाला रशियनमध्ये 'ओत्चेस्त्वो' म्हणतात, मी पुढे सरळ वडिलांचं नावच म्हणतो.

हे मधलं नाव फक्त फॉर्मवर भरायचं नसतं. आपल्याकडे राव, साहेब, ताई, बाई लावून जो मान देतात तो तिथे वडिलांच्या नावातून दिला जातो. शाळेतल्या बाईंना मुलं 'मारिया इवानोव्ना' म्हणतात, डॉक्टरला, साहेबाला, शेजारच्या आजोबांना, सगळ्यांना नाव अधिक वडिलांचं नाव, आडनाव नाही घेत. आणि जवळच्या माणसाला उलट, नाव छोटं करून. इवानचा वान्या, मिखाईलचा मिशा, येकातेरिनाची कात्या, मारियाची माशा, व्लादिमीरचा वोलोद्या किंवा वोवा. अलेक्सांद्रचा प्रवास सगळ्यात लांबचा, अलेक्सांद्र, अलेक्साशा, त्यातून साशा, मग साशुरा, आणि शेवटी शूरा, आणि हे साशा-शूरा बायकांच्या अलेक्सांद्रालाही चालतं. म्हणजे कादंबरीत नाव बदललं की समजायचं की बोलणारा बदललाय किंवा त्याचं त्या माणसाशी असलेलं नातं बदललंय.

अजून एक गोष्ट जी मला फार आवडते. लग्नानंतर रशियन बाई आडनाव बदलू शकते, पण वडिलांचं नाव बदलत नाही, आपल्यासारखं तिथे नवऱ्याचं नाव मध्ये येऊन बसत नाही. अंतराळात गेलेली पहिली स्त्री वालेंतिना व्लादिमीरोव्ना तेरेश्कोव्हा, तिचे वडील ट्रॅक्टर चालवायचे, ते फिनलंडबरोबरच्या युद्धात मारले गेले तेव्हा ती अगदी लहान होती. नंतर तिचं लग्न अंतराळवीर आंद्रियान निकोलायेवशी झालं, आडनाव काही वर्षं निकोलायेवा-तेरेश्कोव्हा असं जोडून लागलं, पण व्लादिमीरोव्ना कायम राहिलं. ज्या बापाची धड आठवणही नसेल त्याचं नाव जगभर तिच्याबरोबर फिरलं.

'कुणाचा रे तू?'

आता आडनावाकडे. खेडेगावात एखादं पोरगं दिसलं की म्हातारं माणूस विचारतं, कुणाचा रे तू? आणि पोरगं म्हणतं, गणपाचा. बस, रशियन आडनावाचं मूळ या 'चा'मध्ये आहे. 'ओव्ह' आणि 'इन' हे रशियन भाषेतले 'चा' आहेत. जुन्या कागदांत लिहिलेलं असायचं 'इवान पेत्रोव्ह सिन', सिन म्हणजे मुलगा, म्हणजे 'प्योत्रचा मुलगा इवान'. कालांतराने 'मुलगा' गळून पडला आणि 'प्योत्रचा' तेवढं उरलं, आणि मग त्या इवानच्या नातवंडांनाही तेच चिकटलं, आता पणजोबा प्योत्र होते का पावेल कोण बघतंय.

कुठे ओव्ह आणि कुठे इन याला साधा नियम आहे. मूळ शब्द व्यंजनावर संपत असेल तर ओव्ह किंवा एव्ह, म्हणजे इवानचं इवानोव्ह, आंद्रेयचं आंद्रेयेव्ह. शब्द 'आ' किंवा 'या'वर संपत असेल तर इन, म्हणजे निकिताचं निकितिन, इल्याचं इल्यिन. आणि 'कोणाची' असेल तर शेवटी 'आ' लागणारच, म्हणून मारिया शारापोव्हाचे वडील युरी शारापोव्ह. आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं नसतं, ते व्याकरण आहे.

याचं सगळ्यात जवळचं उदाहरण आपल्या कोकणात आहे. १४७० च्या आसपास रशियातल्या त्वेर शहरचा एक व्यापारी होर्मुझहून जहाजाने येऊन चौलला उतरला आणि तिथून जुन्नर, बिदर असा फिरला, त्याने लिहून ठेवलेल्या प्रवासवर्णनामुळे त्या काळच्या बहमनी राज्याची माहिती आपल्याला मिळते. त्याला आपण अफानासी निकितिन म्हणतो आणि रेवदंड्याला त्याचं स्मारकही आहे. पण निकितिन हे त्याचं आडनाव नव्हतंच. तो स्वतःला लिहितो 'अफानासी, निकिताचा मुलगा'. त्या काळात व्यापाऱ्याला पक्कं आडनाव असण्याची पद्धतच नव्हती. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा अडकवून ठेवला आणि धर्म बदललास तर परत देतो म्हणाला, त्यातून तो कसाबसा सुटला. याच मुलखात मुसलमान लोकांमध्ये त्याची ओळख 'खोजा युसूफ खुरासानी' अशी होती, तेही त्यानेच लिहिलंय. त्वेरमध्ये वडिलांवरून ओळख आणि दख्खनमध्ये तो जिथून आला असं लोक समजत होते त्या प्रांतावरून, आडनाव दोन्हीकडे नाही.

मग 'ओविच' लावायला परवानगी कशाला लागायची?

इथे बरेच जण विचारतात की बापाचं नाव तर सगळ्यांनाच असतं, त्यात मान कसला. पण मॉस्कोच्या राजवटीत पूर्ण 'ओविच' फक्त राजघराणं आणि बड्या सरदारांना लावता यायचं. बाकीच्यांनी 'पेत्रोव्ह सिन', प्योत्रचा मुलगा, एवढ्यावरच थांबायचं, आणि भूदास म्हणजे जमीनदाराच्या मालकीच्या शेतकऱ्याला तर नुसत्या नावाने हाक. स्त्रोगानोव्ह नावाचे व्यापारी मिठाच्या धंद्यात अफाट श्रीमंत झाले, त्यांनी राजाला पैसा पुरवला, तेव्हा १६१० मध्ये झार वासिली शुयस्कीने त्यांना 'विच' लावण्याचा खास हक्क दिला. म्हणजे बापाचं नाव पूर्ण घेणं हे बक्षीस होतं! पुढे राणी येकातेरिना दुसरी, म्हणजे कॅथरीन द ग्रेट, हिच्या काळात सरकारी नोकरांच्या चौदा श्रेणींपैकी वरच्या पाचांनाच कागदावर पूर्ण वडिलांचं नाव मिळायचं, त्याखालच्या तीन श्रेणींना अर्धं, आणि बाकीच्यांना फक्त स्वतःचं नाव.

याच्या उलटी बाजू अजून बोचते. झारकडे अर्ज करताना मोठमोठे सरदारसुद्धा स्वतःचं नाव कमी करून लिहायचे, इवान असेल तर 'इवाश्का', म्हणजे 'तुमचा गुलाम इवान्या' असा सूर. पन्नाशीचा, सैन्य चालवणारा माणूस स्वतःला इवाश्का म्हणवून घेतोय. प्योत्र पहिला, म्हणजे पीटर द ग्रेट, याने १७०१ च्या डिसेंबरमध्ये हुकूम काढला की यापुढे अर्जावर पूर्ण नाव लिहायचं. जहाजं, शहर, सैन्य यांच्यासाठी तो प्रसिद्ध आहे, पण मला तर हा हुकूमही तेवढाच महत्त्वाचा वाटतो.

आणि या येकातेरिनाचं स्वतःचं बघा. ती जर्मन राजकन्या, मूळ नाव सोफी, वडील ख्रिश्चन आउगुस्ट. १७४४ मध्ये तिने ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारला आणि ती झाली येकातेरिना अलेक्सेयेव्ना. अलेक्सेय नावाचा तिचा कोणी बाप नव्हता, पण रशियात वडिलांच्या नावाशिवाय राणीला हाक मारणार कशी, म्हणून दिलं. नंतरच्या कितीतरी जर्मन सुना 'फ्योदोरोव्ना' झाल्या, शेवटच्या झारची बायको अलेक्सांद्रा फ्योदोरोव्ना हीसुद्धा, आणि हे नाव आलं रोमानोव्ह घराण्याच्या पूज्य फ्योदोरोव्स्काया मेरीमातेच्या चित्रावरून.

लांडगा, थंडी, तोफ आणि पाव

सगळी आडनावं बाप्तिस्म्याच्या नावांवरून आली असं नाही, खूप सारी टोपणनावांवरून आलीत. जुन्या काळी पोराला चर्चचं एक नाव आणि घरचं एक नाव असायचं. घरचं म्हणजे ज्दान, ज्याची वाट बघितली तो. त्रेत्याक, तिसरा. वोल्क, लांडगा. मोरोज, कडाक्याची थंडी. नेक्रास, जो देखणा नाही तो. त्यातून ज्दानोव्ह, त्रेत्याकोव्ह, वोल्कोव्ह, मोरोझोव्ह, नेक्रासोव्ह. पोराला मुद्दाम वाईट नाव द्यायचं म्हणजे दृष्ट लागत नाही अशी समजूत होती, दगडू-धोंडू-केरबा ठेवणाऱ्या आपल्या आज्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज पडली नसती.

मोठी माणसंही यातून सुटली नाहीत. पुश्किनच्या घराण्याचं नाव ग्रिगोरी पुश्का या पूर्वजावरून, पुश्का म्हणजे तोफ. तोल्स्तोय म्हणजे लठ्ठ. स्मिर्नोव्ह, जे रशियातल्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या आडनावांपैकी एक, त्याचा अर्थ शांत माणसाचा. धंद्यावरून कुझ्नेत्सोव्ह म्हणजे लोहाराचा, मेल्निकोव्ह गिरणीवाल्याचा, गोंचारोव्ह कुंभाराचा, पोपोव्ह भटजीचा म्हणजे पाद्र्याचा. आणि कलाश्निकोव्ह, ज्याच्या बंदुकीने जगभर माणसं मेली, ते आडनाव आलंय 'कलाच' नावाचा गोल पाव भाजून विकणाऱ्यावरून.

'स्की' असलं की राजघराणं का?

अर्धं खरं. 'स्की' म्हणजे 'अमुक ठिकाणचा', आपला 'कर'. व्याझ्मा शहराचे सरदार व्याझेम्स्की, शुया गावचे शुयस्की. पण दोस्तोयेव्स्की घराण्याचं नाव आजच्या बेलारूसमधल्या दोस्तोयेवो या छोट्या गावावरून आलंय, त्यात राज्य वगैरे काही नाही. आणि 'स्की'वाल्यांमध्ये एक मोठा गट आहे पाद्र्यांच्या मुलांचा. पाद्री घडवणाऱ्या शाळेत शिकायला आलेल्या गरीब पोरांना आडनावच नसायचं, मग शिक्षक देऊन टाकायचे, चर्चच्या सणांवरून उस्पेन्स्की, ट्रॉइत्स्की, रोझ्देस्त्वेन्स्की, किंवा लॅटिनवरून. खेड्यातल्या पाद्र्याचा एक मुलगा असाच आला, हुशार होता, लॅटिनमधल्या 'आशा' या शब्दावरून त्याचं नाव पडलं स्पेरान्स्की, आणि हाच मिखाईल स्पेरान्स्की पुढे झारचा सगळ्यात मोठा सल्लागार झाला आणि रशियाचे सगळे कायदे त्याने एकत्र करून छापले.

सरदारांच्या अनौरस मुलांचं काय करायचे हे वाचून तर मी थोडा वेळ थांबलो होतो. मुलाला शिक्षण, पैसा द्यायचे, पण आडनाव पूर्ण द्यायचे नाहीत, पुढचं अक्षर कापून द्यायचे. प्रिन्स त्रुबेत्स्कोयचा मुलगा बेत्स्कोय. प्रिन्स रेपनिनचा मुलगा प्निन. बाप कोण हे सगळ्यांना कळायचं आणि हा आपल्यात मोडत नाही हेही कळायचं.

व्लादिमीर, ओल्गा, इवान कुठून आले?

पहिल्या नावांचे ढोबळ तीन थर आहेत. सगळ्यात जुना स्लाव्ह लोकांचा, दोन शब्द जोडून केलेली नावं, व्लादिमीर, यारोस्लाव्ह, स्व्यातोस्लाव्ह, यातला 'व्लाद' म्हणजे सत्ता आणि 'स्लाव्ह' म्हणजे कीर्ती. दुसरा थर व्हायकिंग लोकांचा, जे नद्यांतून होड्या घेऊन खाली आले आणि राज्य करून राहिले, हेल्गीचा झाला ओलेग, हेल्गाची ओल्गा, इंग्वारचा इगोर. इतकी रशियन वाटणारी ही नावं मूळची स्वीडनकडची आहेत.

तिसरा थर सगळ्यात जाड. ९८८ मध्ये कीवचा राजा व्लादिमीर ख्रिश्चन झाला, बाप्तिस्म्यात त्याला वासिली नाव मिळालं, आणि बिझँटियम या ग्रीक ख्रिश्चन साम्राज्यातून संतांच्या नावांची यादी आली. त्यात ग्रीक अलेक्सांद्र, निकोलाय, प्योत्र, हिब्रू इवान, मारिया, आन्ना, लॅटिन सेर्गेय, पावेल, नताल्या. एका ग्रीक गेओर्गीची तर तीन नावं झाली, गेओर्गी, युरी आणि येगोर. पाद्री कॅलेंडर उघडून बघायचा की जन्माच्या जवळपास कोणत्या संताचा दिवस येतो आणि ते नाव ठेवायचा, आईबापाला आवडो न आवडो. म्हणून खेड्यांत पाफ्नूती, येव्लाम्पी असली जड नावं असायची. जुनी नावं यादीत नसल्यामुळे मागे पडली, वाचली ती फक्त जे राजे-राण्या संत झाले त्यांची, व्लादिमीर, ओल्गा, बोरिस, ग्लेब. आणि तीन नावं अशी आली की ग्रीकचं सरळ भाषांतरच करून टाकलं, वेरा, नादेझ्दा, ल्युबोव्ह, म्हणजे श्रद्धा, आशा आणि प्रेम.

स्वेतलाना हे नाव प्राचीन वाटतं, पण ते कवींनी तयार केलंय. १८१३ मध्ये झुकोव्स्कीची याच नावाची कविता आली आणि लोक वेडे झाले, पण चर्चच्या यादीत नाव नसल्यामुळे पाद्री बाप्तिस्म्यात ते देईनात. १९१७ च्या क्रांतीनंतर चर्चची सक्ती संपली आणि स्वेतलाना घरोघरी पोचली, १९२६ मध्ये स्टॅलिनच्या मुलीचं नावही तेच ठेवलं. त्याच काळात व्लादलेन म्हणजे व्लादिमीर लेनिन, निनेल म्हणजे लेनिन उलटं वाचून, मार्लेन म्हणजे मार्क्स-लेनिन अशीही नावं निघाली. नेत्यांनी आडनावं पण बदलली, स्क्र्याबिन हातोड्यावरून मोलोतोव्ह झाला, आणि जॉर्जियातला जुगाश्विली पोलादावरून स्टॅलिन. बघा, खोटं आडनाव घेतानासुद्धा शेवटी 'ओव्ह' आणि 'इन' आहेतच.

साध्या शेतकऱ्याला आडनाव कधी मिळालं?

फार उशिरा. १८६१ मध्ये भूदासांची सुटका झाली तेव्हा लाखो लोकांकडे कागदावर धड आडनाव नव्हतं. तेव्हा कारकुनाने बापाचं नाव लिहिलं, आजोबांचं लिहिलं, गावात जे टोपणनाव चालायचं ते लिहिलं, कधी जुन्या मालकाचंच आडनाव चिकटवून दिलं. १८८८ मध्ये सेनेटने सांगितलं की आडनाव असणं हा नुसता हक्क नाही, कर्तव्यही आहे. १८९७ च्या जनगणनेने आणि पुढे १९३२ नंतरच्या सोव्हिएत पासपोर्टने काम पूर्ण केलं. म्हणून एखादा माणूस सरदाराचं आडनाव लावतो म्हणजे तो सरदाराच्या वंशातलाच असं समजू नका, त्याचे पूर्वज त्या सरदाराच्या शेतावर राबत असतील ही शक्यताही तेवढीच.

पण 'ओव्ह' म्हणजे रशियन, एवढं तरी पक्कं ना?

तेही नाही. बल्गेरियात घरोघरी ओव्ह आहेत. युसुपोव्ह हे रशियातलं अतिश्रीमंत घराणं नोगाई टोळीच्या युसूफचे वंशज. साम्राज्य पसरलं तसं मध्य आशियातल्या लोकांच्या नावालाही ओव्ह-एव्ह लागलं, करीमचं करीमोव्ह, अलीचं अलियेव्ह. बुद्धिबळवाला गॅरी कास्पारोव्ह बाकूमध्ये जन्मला तेव्हा वाइनश्टाइन होता, वडील ज्यू, आई आर्मेनियन. वडील गेल्यावर बाराव्या वर्षी त्याने आईकडचं गास्पार्यान हे आडनाव रशियन रूपात घेतलं. इतर भाषांचे स्वतःचे 'चा' आहेत, आर्मेनियनचा 'यान', जॉर्जियनचा 'श्विली', युक्रेनियनचा 'एन्को', शेव्चेन्को म्हणजे चांभाराचा पोरगा.

सोव्हिएत संघ फुटल्यावर काहींनी हे शेपूट काढायला सुरुवात केली. ताजिकिस्तानचे अध्यक्ष एमोमाली शारिपोविच राहमोनोव्ह २००७ मध्ये नुसते एमोमाली राहमोन झाले, आणि २०१६ मध्ये तिथे ताजिक बाळांना रशियन शेवटाची आडनावं द्यायला बंदीच आली. माझ्या मते स्वतःचं नाव परत घेणं ठीक, पण दुसऱ्याच्या बाळाचं नाव सरकारने ठरवायचं म्हणजे जुन्या पाद्र्याच्या कॅलेंडरकडे परत जाण्यासारखंच झालं.

आईचं नाव लावता येतं का?

रशियात मधल्या जागेवर आईचं नाव सहसा येत नाही. लग्न न झालेली आई बाळाची नोंद करते तेव्हा वडिलांच्या रकान्यात ती सांगेल ते नाव लिहिलं जातं आणि त्यावरून मुलाचं मधलं नाव बनतं, म्हणजे बाप नसला तरी बापाचं नाव हवंच. किर्गिझस्तानात २०२३ मध्ये घटनात्मक कोर्टाने प्रौढ माणसाला आईच्या नावावरून मधलं नाव घ्यायची मुभा दिली, पण विरोध इतका झाला की त्याच वर्षी कोर्टाने निकाल फिरवला. महाराष्ट्रात १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम झालाय. रशियनमध्ये हे करायचं म्हटलं तर व्याकरण आडवं येत नाही, आन्नाचं आन्निन, मारियाचं मारिन अशी आडनावं तिथे शेकडो वर्षं आहेत, बहुतेक एखाद्या विधवेच्या किंवा एकट्या बाईच्या पोरांची, जिच्या दारात कुणी विचारलं असेल कुणाचा रे तू, आणि पोराने आईचं नाव सांगितलं असेल.